एकोणीस नंबर, सत्तावीस तोंडं

सरकारकडे गुपचूप उचलून नेलेला कैदी एकही नव्हता. हे सरकारने इतक्यांदा सांगितलं होतं की लोकांनी मोजायचंच सोडून दिलं होतं. मोजत होती ती फक्त कवळ्या करणाऱ्या आप्पांची धाकटी सून, आणि तिला पगार मिळायचा तो पाणीखात्याकडून. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचं तिचं काम. मीटर म्हणजे न्हाणीच्या मागे, नाहीतर जिन्याखाली. परकी बाई दहा मिनिटं वाकून उभी राहिली तरी कोणाच्या डोळ्यावर येत नाही अशीच जागा. आकडा टिपता टिपता ती विचारायची, "तुमच्याकडचं कोणी?" आणि बायका नळ मोठा सोडून त्या आवाजाआड सांगायच्या. कधी नेलं, कोणी पाहिलं, अंगात काय होतं. चौदा महिन्यांत दोनशे बारा नावं झाली. नळ सोडल्याने सगळ्या भागाचं बिल वाढलं आणि ते वाढलेलं बिलही तिलाच नेऊन द्यावं लागलं, तो भाग वेगळा.

त्या दोनशे बारांत तिच्या नवऱ्याचं नाव नव्हतं. तो भूगोल शिकवायला म्हणून सायकलवरून निघाला आणि सायकल शाळेच्या फाटकाशी कुलूप लावलेली सापडली. नेताना पाहिलेलं कोणी नाही. कोणी पाहिलेलं नाही तर नाव नाही, नियम तिचाच.

रविवारी दुपारी तीनला तिला थोरल्या घरी बोलावणं आलं. ते आप्पांच्या बहिणीचं, आत्याचं होतं, म्हणजे टाळायची सोय नव्हती. नवरा गेल्यावर महिन्याभरात थोरल्या दिराने "थोडे दिवस वेगळी राहिलीस तर सगळ्यांनाच बरं" असं फार गोड आवाजात सुचवलं होतं, तेव्हापासून ती बस डेपोमागच्या एका खोलीत होती. थोरल्या घराच्या पुढच्या खोलीतला कवळ्यांचा कारखाना मात्र होता तसाच. प्लास्टरची धूळ, तापलेल्या मेणाचा वास, भिंतीला ओळीने दात लावलेले पुठ्ठे. पॉलिशच्या मोटरपाशी जाऊबाई बसल्या होत्या, नखांत गुलाबी भुकटी. पोरांना बाहेर धाडलेलं होतं. लांब टेबलावर चादर अंथरलेली, खाली उंचवटे.

"दार लाव," थोरला म्हणाला.

"लावलंय तिने," आत्या म्हणाली. "आता तुझं तोंड उघड. का तेही मीच करू?"

थोरल्याने चादर काढली. प्लास्टरचे साचे. माणसांच्या जबड्यांची मापं, वरची आणि खालची, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर.

"केंद्राची ऑर्डर आहे," तो म्हणाला.

केंद्र म्हणजे वीटभट्ट्यांपलीकडचं प्रशिक्षण केंद्र. कसलं प्रशिक्षण ते कोणी विचारत नसे. तिथून शिकून बाहेर पडलेला माणूस अजून कोणाच्या पाहण्यात नव्हता.

"केव्हापासून येताहेत?" तिने विचारलं.

"झाले तीनेक महिने."

ती स्टुलावर बसली. "तीन महिने मी लोकांच्या न्हाण्यांमागे वाकून एकेक नाव वेचतेय, दादा. आणि तुमच्या टेबलावर ही रांग लागलीय."

"मला दोन पोरं आहेत."

"मला नाहीत. म्हणजे मी गेले तरी चालते."

"तसं म्हणाला नाही तो," जाऊबाई म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही तरी सांगायचं होतं."

"सांगणार होते." जाऊबाई नखातली भुकटी काढू लागल्या. "रोज सकाळी सांगणार होते."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आप्पा उठले. वय अठ्ठ्याहत्तर, त्यांतली साठ वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात गेलेली. आप्पांचं बोलणं निम्मं कापून घ्यायचं असतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. एका न्यायाधीशासाठी बनवलेली कवळी रात्री पेल्यात ठेवली की आपोआप 'निर्दोष, निर्दोष' म्हणायची आणि म्हणून त्याने ती परत केली, अशी गोष्ट ते शपथेवर सांगत, आणि शपथ दरवेळी वेगळ्या देवाची असे.

"भांडा मागाहून," आप्पा म्हणाले. "उद्या केंद्राचा डॉक्टर येऊन सगळे साचे नेणार आहे. आधी मोज."

"त्यात मोजायचं काय?" थोरला म्हणाला. "एकोणीस नंबर, एकोणीस माणसं."

"बावीस वर्षं दात बसवतोयस तू. लाज वाटते मला." आप्पांनी सातव्या नंबरचा वरचा साचा उचलला, खालच्यावर टेकवला आणि हलवून दाखवला. तो डुगडुगत होता. "हा वरचा माणूस सावकाश रवंथ करणारा, दाढा बघ कशा सपाट झाल्यात. खालचा मांजरासारखा तोडून खाणारा. हे दोघे एका तोंडात नांदतील?"

"डॉक्टर माप नीट घेत नाही, मी केव्हाच म्हटलं होतं."

"डॉक्टर माप फर्मास घेतो. मंजुरी एकोणीस संचांची आहे. म्हणून एकाला वरची, दुसऱ्याला खालची, आणि कागदावर दोघे मिळून एक नंबर. दोघांनाही निम्मं चावता येतं. उपाशी मेलेला माणूस कबुलीजबाबावर सही करत नाही ना, तेवढ्यापुरती सोय."

थोरल्याने सातवा नंबर हातात घेतला. पुन्हा बसवून पाहिला. मग टेबलापाशी खुर्ची ओढली.

आणि मग त्या घरात, भर दुपारी, दारं लावून, माणसं जुळवायला सुरुवात झाली. जो दात दुसऱ्या दातावर आयुष्यभर घासतो तो त्याचा आकार घेतो. जोडी असेल तर साचा साच्यावर पेटीच्या झाकणासारखा बसतो, नसेल तर देव आला तरी बसत नाही. थोरला बसवायचा, आप्पा नजर टाकून हो-नाही म्हणायचे, जाऊबाई बसलेल्या जोड्या बाजूला मांडायच्या आणि ती लिहायची. आत्याने जन्मभर नात्यागोत्यातली लग्नं जमवली होती. ती वरचा जबडा हातात धरून खालच्यांच्या रांगेवरून फिरत होती.

"हा उंच आहे. ह्याला ती तीन नंबर शोभेल."

"शोभायचं नाहीये, आत्या, चावायचंय," जाऊबाई म्हणाल्या आणि हसल्या, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण हसलो. त्यांनी तोंडावर पदर घेतला.

अकरा जोड्या बसल्या. आठ नंबर फुटले. "पण सातचा वरचा आणि बाराचा खालचा एकाच माणसाचे निघाले तर?" ती म्हणाली. "सगळे सगळ्यांवर लावून बघा." आठ वरचे, आठ खालचे, आत्या कंटाळली, थोरला कंटाळला, ती मात्र मीटरचा आकडा वाचावा तशी प्रत्येक वेळी वाकून बघत होती. एकही जुळला नाही.

"अकरा आणि सोळा," ती म्हणाली. "सत्तावीस."

"आणि मारणारे दोन," आप्पा म्हणाले. "बहुतेकांचे दात डावीकडून गेलेत. म्हणजे समोरचा उजव्या हाताने मारतो. दोघांचे तेवढे उजवीकडचे गेलेत. एक डावखुराही नोकरीला लावलाय त्यांनी."

ह्या वेळी त्यांचं बोलणं निम्मं कापावं असं कोणाला वाटलं नाही.

फुटलेल्या आठांत चौदाचा वरचा होता. त्यात दात एकही नव्हता, नुसती हिरडी आणि टाळू; खालच्या आठांतला कोणताच त्याचा नाही हे आप्पांनी जबड्याच्या रुंदीवरून सांगितलं होतं. आप्पांनी खिशातून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्याच्याशेजारी ठेवलं. तोही वरचा साचा होता, पिवळा पडलेला, सगळे दात जागच्या जागी, आणि समोरच्या दोन दातांत तांदळाएवढी फट.

त्या फटीमुळेच ह्या घरात तिच्या नवऱ्याला जन्मभर खिडक्या म्हणत आले होते.

"हे मी घेतलेलं माप आहे," थोरला हळूच म्हणाला. "माझं पहिलं. तो सोळाचा होता. बोट चावला होता माझं."

"टाळूवरच्या वळ्या बघ," आप्पा तिला म्हणाले. "दात जातात, त्या जात नाहीत. दोन माणसांच्या सारख्या निघत नाहीत. बोट फिरव."

तिने जुन्या साच्यावर बोट फिरवलं. डावीकडची दुसरी वळी मध्येच दुभंगून, नदीला फाटा फुटावा तशी, दोन वाटांनी गेली होती. मग नव्या साच्यावर फिरवलं. दुसऱ्या वळीपाशी येऊन बोट थांबलं. चौदा महिने तिने ह्या माणसाला स्वप्नातसुद्धा जिवंत धरलं नव्हतं, धरलं असतं तर तिला मोजताच आलं नसतं. आता ती वळी बोटाखाली होती. तिने दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली.

"पाणी आण गं," आत्या म्हणाली.

"नको. कधी कळलं तुम्हाला, आप्पा?"

"तीन आठवड्यांपूर्वी."

"आता लिही तिथे," आत्या म्हणाली. "त्याचं नाव लिही. आप्पा साक्षीला, हा साक्षीला. झाले की दोन."

"नाही चालत."

"काय चालत नाही?"

"घरची साक्ष. दोन माणसं लागतात, घराबाहेरची, डोळ्यांनी पाहिलेली." तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला. "माझ्याआधी दुसऱ्यांनी केलेल्या पहिल्या यादीत तीनशे चाळीस नावं होती, आत्या. त्यात एकाची आई आणि भाऊ साक्षीला होते, दोघांनी रडून सांगितलं की मुलगा केंद्रात आहे, आम्ही शर्ट ओळखला. तो माणूस सरकारने टीव्हीवर आणला. दुसऱ्या गावात छत्र्या विकत होता. एक छत्रीवाला दाखवून त्यांनी उरलेले तीनशे एकोणचाळीस खोटे पाडले. त्या आईने खोटं नाही सांगितलं. तिला दिसायला हवं होतं, म्हणून दिसलं."

"आणि तुला नाही दिसत? बोट फिरवून?"

"मला तर सगळ्यात जास्त दिसतं."

आत्याने हातातला साचा खाली ठेवला. "नियम कोणासाठी केलास गं बाई? तुझ्या घरच्यांना बाहेर ठेवायला?"

 जाऊबाई उठल्या, कपाटातून एक खोका आणला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. "सगळंच आज होऊ दे," त्या म्हणाल्या.

खोक्यात एक वरची कवळी होती. नवी, गुलाबी, बारा दातांची, आणि समोरच्या दोन दातांत फट.

"आप्पा," ती म्हणाली.

"काय करू?" आप्पा पहिल्यांदाच खाली बघून बोलले. "हात तसेच गेले. सरळ दात लावले असते तर दुसऱ्याच कोणाचं तोंड झालं असतं ते. मला वाटलं, त्याची जीभ तिथे जाईल. जीभ गेली की त्याला कळेल, हे घरून आलंय."

"आणि त्यांनाही कळलं," थोरला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, बसला होता. "गुरुवारी केंद्राचा कंपाउंडर हे घेऊन आला. चिठ्ठी: चौदा वरची, आवश्यकता नाही. आणि जाता जाता हसून विचारतो, ज्याच्या तोंडात एक दात नाही त्याला पूर्वी फट होती, हे तुम्हाला कोणी कळवलं? मी म्हटलं, दात मांडताना सेटिंग चुकलं. तो म्हणाला, बरोबर मध्यभागी चुकलं. उद्या डॉक्टर येणार, साचे नेणार, आणि ज्याने सेटिंग केलं त्याला भेटणार. साठ वर्षं लोकांचे दात लावले ह्यांनी, एक सरळ दात लावायला काय जात होतं?"

"आवश्यकता नाही म्हणजे काय?" आत्याने विचारलं. "सोडला?"

थोरल्याने चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"दुसरीकडे हलवला असेल," जाऊबाई म्हणाल्या. मग त्यांनी कवळी उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "एवढं मात्र मी सांगते. घातली होती त्याने. मी पॉलिश केलंय, मला माझा हात कळतो. इथे कडेला चमक गेलीय. दोन दिवस, फार तर तीन. पण घातली होती."

म्हणजे जीभ गेली होती तिथे. ती कवळीकडे बघत राहिली. हात लावावा की नाही हे तिला ठरवता येईना.

"सत्तावीस तोंडं," ती शेवटी म्हणाली, "आणि नाव एकही नाही. मी हा आकडा बाहेर पाठवला तर ते म्हणतील नावं सांगा. मी म्हणेन दाढा बसतात. ते हसतील."

"हसून सोडणार नाहीत," थोरला म्हणाला. "ह्या भागात कवळ्या करणारं दुकान एकच."

"माहितीय, दादा. नाही पाठवत."

थोरल्याने मान हलवली. त्याला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

आप्पा साचे वर्तमानपत्रात गुंडाळू लागले होते. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "नियम एवढाच ना? घराबाहेरची दोन माणसं, उघड्या डोळ्यांनी?"

"हो."

"बरं. कोणीतरी चहा टाका."

सोमवारी पावणेअकराला ती गणवेश घालून, वही घेऊन त्या घरी गेली. मीटर वाचायचं निमित्त खरंच होतं, महिनाअखेर होती. मीटर जिन्याखाली, तिथून पुढची खोली आणि रस्ता दोन्ही दिसत. डॉक्टर सभ्य माणूस होता. त्याने साचे मोजून घेतले, एकोणीस नंबर, बरोबर. मग विचारलं, "चौदाचं सेटिंग कोणाचं?"

थोरला पुढे झाला. ती बघत होती; तो खरोखरच पुढे झाला. "माझं—"

"ह्याला एवढी बारीक फट ठेवता आली असती तर मी केव्हाच काशीला... जाऊ दे," आप्पा म्हणाले. त्यांनी कोट चढवलेला होता. "माझं. चला."

गाडी मागच्या बोळात उभी होती. कंपाउंडरने मागचं दार उघडलं.

"मागच्या दाराने मी आयुष्यात गेलो नाही," आप्पा म्हणाले आणि पुढच्या दाराने रस्त्यावर उतरले. डॉक्टरला भर रस्त्यात म्हाताऱ्याचा हात धरवेना. गाडी वळसा घालून येईपर्यंत चालू द्यावं असं त्याला वाटलं असावं.

आप्पा गल्लीच्या मधोमध चालले. "शिंपीबुवा, विजार पुढच्या सोमवारी. आज केंद्रावर चाललोय. हो, वीटभट्ट्यांपलीकडचं. घड्याळ बघा, अकरा वाजून दहा. अहो सायकलवाले, माझ्या कोटाचा रंग कोणता? तपकिरी ना? लक्षात ठेवा, पुढे मी निळा सांगेन. औषधवाले, गोळ्या राहू देत, तिथे डॉक्टर आहेत, हे बघा माझ्या मागेच आहेत, फार मोठे डॉक्टर, सत्तावीस माणसांचे दात एकोणीस नंबरांत बसवतात." लोक हसत होते. आप्पांची नवीन गोष्ट सुरू झाली असं त्यांना वाटलं. इस्त्रीवाली बाई हात थांबवून ऐकत होती. पोस्टमन सायकलवरून उतरला. गाडी आली, आप्पा आत बसले, काच खाली करून न्यायाधीशाच्या कवळीचं काहीतरी म्हणाले आणि गल्ली शेवटचं एकदा हसली.

जिन्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ती वही छातीशी धरून उभी होती. हा सगळा तमाशा कोणासाठी चाललाय हे त्या गल्लीत तिला एकटीलाच कळत होतं.

तीन दिवस थांबायचं असा तिचा रिवाज होता. माणूस तीन दिवसांत परत येतोही कधीकधी. आप्पा आले नाहीत. थोरला केंद्राच्या फाटकाशी जाऊन आला. तिथे त्याला सांगण्यात आलं की अशा वर्णनाचे गृहस्थ इथे कधी आलेलेच नाहीत.

गुरुवारी सकाळी ती थोरल्या घरून निघाली तेव्हा थोरला दाराशी चपला घालत होता. "मी येतो," तो म्हणाला. "तुला ते टाळतील. मला टाळणं जड जाईल."

सायकलवाल्याने पंक्चरच्या पाण्यातून हात बाहेर काढला नाही. "तपकिरी कोट," तो म्हणाला. "अकरा दहा. लिही."

"सही लागेल."

त्याने ओल्या हाताने सही केली. एक झाला. चाळीस माणसांनी पाहिलेल्या गोष्टीला दुसरा मिळवायचा होता.

इस्त्रीवाली म्हणाली, तिचा नवरा रागावेल. औषधवाल्याने सोमवारी दुकानच बंद होतं असं सांगितलं आणि सोमवारच्या तारखेचं बिल समोर पडलेलं होतं ते उलटं केलं. पोस्टमनची त्याच दिवशी बदली झाली होती.

शिंप्याने दोघांना बसायला स्टूल दिलं. पाच वर्षांपूर्वी त्याचे सगळे दात गेले तेव्हा त्याचं बोलणं बायकोलासुद्धा कळेनासं झालं होतं. आप्पांनी चार वेळा कवळी मोडून पुन्हा केली होती, त्याला 'शिवणकाम' नीट म्हणता येईपर्यंत.

"बुवा," थोरला म्हणाला, "तुमच्याशी तर थांबून बोलले ते."

"सोमवारी सकाळी मी सुईत दोरा ओवत होतो," शिंपी म्हणाला. "शपथेवर सांगतो. मान वर केली नाही." त्याचे डोळे पाण्याने भरले होते, पण शब्द एकेक सुटा, स्वच्छ येत होता, स, श, च, सगळं जागच्या जागी. "दात छान बसलेत. आप्पा आले की सांगा."

थोरला उठला. रस्त्यावर आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती थांबली.

"एकावर नाही चालत?" त्याने विचारलं. "आप्पांसाठीसुद्धा?"

तिने वही उघडली. सायकलवाल्याच्या सहीवर पाण्याचा थेंब वाळून कागद फुगला होता. 

"नाही, दादा."

 समोर कुलपांच्या दुकानाचा मालक दोघांना येताना पाहून आकडी घेऊन शटर ओढायला लागला होता, दिवसाचे पावणेबारा असताना. थोरला चार ढांगांत रस्ता ओलांडून गेला, गुडघ्यावर बसला आणि शटरखाली दोन्ही हात घातले. "काका," तो आतल्या अंधाराला म्हणाला, "एक मिनिट. एकच मिनिट." शटर क्षणभर अडलं, आणि मग आतून कोणीतरी आपलं सगळं वजन त्यावर टाकलं.